फुकटचं पुस्तक विकत का घ्यावं?

बॉस, एक साधं गणित सोडवा. सॉफ्टवेअर फुकट. त्याचं मॅन्युअल फुकट. त्यावरचं सगळ्यात गाजलेलं पुस्तकसुद्धा इंटरनेटवर अख्खंच्या अख्खं, कायदेशीरपणे फुकट. तरीही काही मंडळी तेच पुस्तक पैसे मोजून घरी आणतात, त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घालतात आणि ऑफिसच्या डेस्कवर ठेवतात. आता बोला! हे लोक येडे की शहाणे?

सॉफ्टवेअरचं नाव गिट. आयटीवाल्यांना ते सांगायला नको. त्यांची सकाळ चहाने सुरू होत असेल-नसेल, पण दिवस गिटशिवाय संपत नाही. बाकीच्यांनी पान उलटायची घाई करू नका, कारण हा आजार तुम्हालाही आहे. तुमच्या डेस्कटॉपवर ‘प्रेझेंटेशन फायनल’, ‘प्रेझेंटेशन फायनल २’, ‘फायनल फायनल’ आणि ‘साहेबांचे करेक्शन्स, हीच फायनल’ अशा चार फाइल्स आहेत की नाहीत? खरं सांगा! यातली खरी फायनल कुठली, मधली स्लाइड कोणी उडवली, कधी आणि का, याचा पत्ता कोणालाच नसतो. व्हर्जन कंट्रोल हा त्यावरचा उपाय.

हाउसिंग सोसायटीचं मिनिट्सचं रजिस्टर आठवा. त्यात खाडाखोड चालत नाही. ठराव बदलायचा तर नवी नोंद करायची, तारीख टाकायची, सही करायची. जुनी नोंद तिथंच राहते. प्रोग्रामर लोक आपल्या कोडचं असंच रजिस्टर ठेवतात. जुन्या पद्धतीत, म्हणजे सीव्हीएस आणि सबव्हर्जनमध्ये, हे रजिस्टर सेक्रेटरीच्या कपाटात असायचं. कपाट बंद तर काम बंद. गिटने काय केलं, तर प्रत्येक सभासदाला पहिल्या पानापासून पूर्ण रजिस्टरची कॉपी देऊन टाकली. कपाट जळालं तरी कोणाच्या तरी घरी इतिहास शाबूत! मात्र शंभर घरांतली शंभर रजिस्टरं जुळवायची कशी, हा नवा डोक्याला ताप सुरू झाला. तेच शिकवायला ही सगळी जाडजूड पुस्तकं आली.

थोडी फॅमिली हिस्टरी

सीव्हीएसचा जन्म १९८६चा. ॲमस्टरडॅममधले प्राध्यापक डिक ग्रून यांनी आपल्या विद्यार्थ्यांबरोबर काम करताना त्याची पहिली आवृत्ती लिहिली. पुढे ओपन सोर्सच्या जगात जवळजवळ सगळीकडे तेच वापरलं जायचं. १९९९मध्ये कार्ल फोगेल याने त्यावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यातली सीव्हीएस शिकवणारी प्रकरणं चक्क मोफत वाटली. आता पुढची गंमत ऐका. २०००च्या सुरुवातीला कोलॅबनेट या कंपनीला सीव्हीएसला पर्याय हवा होता. त्यांनी फोन फिरवला तो याच फोगेलला! म्हणजे ज्याने गाइड लिहिलं, त्यालाच नवीन गाडी बांधायला बोलावलं. त्यातून सबव्हर्जन आलं. त्याची १.० आवृत्ती फेब्रुवारी २००४मध्ये निघाली आणि त्याच वर्षी ओरायलीने त्याचं पुस्तकही काढलं, मुखपृष्ठावर कासव असलेलं. ते सबव्हर्जन बनवणाऱ्यांपैकीच तिघांनी लिहिलं होतं आणि तेसुद्धा ऑनलाइन फुकट होतं.

मग २००५ उजाडलं. लिनक्सच्या कर्नलचं काम तोवर बिटकीपर नावाच्या खासगी सॉफ्टवेअरवर चालायचं. त्याचा फुकट वापर बंद झाला आणि लिनस टॉरवाल्ड्सने एप्रिलमध्ये स्वतःच गिट लिहायला घेतलं. काही दिवसांत गिटचं स्वतःचं कोड गिटमध्येच ठेवलं जाऊ लागलं. जुलैमध्ये त्याने कारभार जुनिओ हमानो याच्याकडे सोपवला. त्याच एप्रिलमध्ये, त्याच कारणातून, मॅट मॅकॉल याने मर्क्युरिअल सुरू केलं. एका भांडणातून दोन घरं उभी राहिली म्हणा ना! २००८मध्ये गिटहब आलं, २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरला घेतलं आणि तोवर गिट कोणाला नको म्हणायची सोय उरली नव्हती.

२००९मध्ये स्कॉट चॅकन याचं ‘प्रो गिट’ आलं. एप्रेसने छापलं आणि त्याच वेळी ऑनलाइन मोफतही ठेवलं. २०१४मध्ये बेन स्ट्रॉब याच्या जोडीने दुसरी आवृत्ती निघाली. आपण सुरुवातीला म्हणालो ते फुकटचं पुस्तक हेच.

फुकट म्हणजे नेमकं किती फुकट?

इथे बहुतेकांची गल्लत होते. ‘फुकट आहे ना, मग काहीही करू’ असं नसतं. ‘प्रो गिट’वर क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स आहे. तुम्ही ते उतरवून घ्या, ऑफिसच्या ग्रुपवर टाका, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करून घ्या, नो प्रॉब्लेम. फक्त लेखकाचं नाव ठेवायचं आणि धंदा करायचा नाही. त्यामुळे फुटपाथवर त्याच्या चोरून छापलेल्या कॉप्या विकणं हा चक्क विनोद आहे. जे घरबसल्या हक्काने मिळतं, ते चोरीचं म्हणून विकत घ्यायचं!

सबव्हर्जनच्या पुस्तकाचं लायसन्स याहून मोकळं. नाव दिलंत तर छापून विकायलाही आडकाठी नाही. म्हणूनच ऑनलाइन दुकानात फुकट मजकुराचीच कोणीतरी बांधलेली प्रत दिसते, भरमसाट किमतीला. विकिपीडियाचे लेख जोडून ‘पुस्तक’ म्हणून विकण्याचा प्रकारही होऊन गेलाय, आणि आता तर एआयकडून लिहून घेतलेल्या पुस्तकांची भर पडली आहे. कव्हर चकाचक, आत भुसा.

मग विकत कशाला?

कारण आपण सर्च तेच करतो, ज्याचं नाव आपल्याला माहीत असतं. ज्याचं नावच ठाऊक नाही, ते विचारणार कसं?

माझ्या एका मैत्रिणीच्या टीममधली गोष्ट. हिंजवडीतलं ऑफिस, सहा महिन्यांपूर्वी लातूरकडून आलेला एक मुलगा, अजून प्रोबेशनवर. ट्रेनिंगमध्ये तीन कमांड घोटून घेतलेल्या: ॲड, कमिट, पुश. रोजचा संसार तेवढ्यावर छान चालायचा. एका गुरुवारी संध्याकाळी पुश अडलं. सकाळी रिलीज. त्याने सर्व्हरवरचं ताजं काम ओढून घेतलं, तर स्क्रीनवर कॉन्फ्लिक्टच कॉन्फ्लिक्ट. घाबरून सगळं मागे घेतलं. सिनिअरला विचारायचं धाडस होईना. एआयला विचारलं. त्याने अडलेलं पुश जबरदस्तीने पुढे ढकलायची कमांड दिली, खाली ‘जपून वापरा’ असंही लिहिलं. पण जपून म्हणजे काय करायचं, हे कळायला पाया लागतो ना! पोराने एंटर मारलं. पुश झालं आणि रजेवर गेलेल्या सहकाऱ्याचं दोन दिवसांचं काम सर्व्हरवरून गायब.

त्या रात्री नोकरी गेली, असं समजून तो नुसता बसून राहिला होता. माझी मैत्रीण मात्र शांत होती. तिने वर्षभरापूर्वी पीएमटीच्या, सॉरी, पीएमपीच्या बसमध्ये उभ्याने ‘प्रो गिट’ वाचलं होतं, शेवटच्या दहाव्या प्रकरणासकट. त्या प्रकरणात गिटच्या पोटात काय चालतं ते आहे आणि हरवलेलं काम परत कसं मिळवायचं तेही. गिट सहजासहजी काही फेकत नाही. कुठली फांदी कधी कुठे होती, याची नोंद प्रत्येकाच्या मशीनवर वेगळी राहते. तिचं नाव रेफलॉग. कुठल्याच फांदीला न जोडलेल्या नोंदीसुद्धा तिथे सहसा ३० दिवस टिकतात. पोराने घाबरून मागे येण्याआधी सहकाऱ्याचं काम ओढून घेतलं होतं, म्हणजे ते त्याच्याच लॅपटॉपमध्ये पडून होतं! तिने रेफलॉग उघडला, जुन्या नोंदीचा नंबर शोधला, तिथून नवी फांदी काढली. मग दोघांनी बसून दोन्ही कामं नीट जुळवली. साडेदहाला कँटीन बंद झालं होतं, म्हणून बाहेर जाऊन भुर्जी-पाव खाल्ला.

मुलगा कन्फर्म झाला. आता टीममधे नवीन जॉइनी आला की तोच त्याला पहिल्या आठवड्यात रेफलॉग दाखवतो.

‘रेफलॉग’ हा शब्दच माहीत नसलेला माणूस रात्री नऊ वाजता काय सर्च करणार? ‘काम गेलं, वाचवा’? उत्तरं मिळतील, पण दहा मिळतील आणि त्यातलं आपल्याला लागू कोणतं, हे ठरवायची वेळ नेमकी टरकलेली असताना येईल. पुस्तकाची मजा अशी की, ते न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन ठेवतं. आणि एक गोष्ट ओळीने सांगतं. कमिट म्हणजे काय हे कळलं की ब्रँच कळते. ब्रँच ही कोडची दुसरी कॉपी नसून एका कमिटकडे दाखवणारं नुसतं बोट आहे, हे कळलं की मर्ज आणि रीबेसची भीती निम्मी होते. तुकड्या-तुकड्यांत शिकलेल्या माणसाची ही साखळी कुठेतरी तुटलेली असते.

अजून एक कारण, जे मीटिंगमध्ये कोणी मोठ्याने बोलत नाही. आपल्यातले कितीतरी जण मराठी मीडियमचे. इंग्रजी वाचता येतं, पण स्क्रीनवर अकरा टॅब उघडे असताना, शेजारी कोणीतरी उभं असताना नाही वाचवत. कागदावर आपल्या स्पीडने वाचता येतं. एक वाक्य तीनदा वाचलं तरी कोण बघतंय? मार्जिनमध्ये मराठीत अर्थ लिहिता येतो. लोकलमध्ये नेटवर्क जातं, पुस्तक जात नाही. आणि शिकताना स्क्रीन मोकळी राहते. पुस्तक डाव्या हाताला, टर्मिनल समोर. वाचा, टाइप करा, बिघडवा, पुन्हा करा.

कुठलं घ्यायचं?

आधी ऑफिसमध्ये काय वापरतात ते बघा. गिट असेल तर ‘प्रो गिट’ची दुसरी आवृत्ती ही सेफ खेळी. त्यातही एक आयडिया: पहिली तीन प्रकरणं आधी ऑनलाइन फुकट वाचा. भाषा पचली, रस आला, तरच प्रिंट घ्या. एवढी मोठी ‘ट्रायल’ कपड्यांच्या दुकानातसुद्धा मिळत नाही!

वटवाघुळाचं चित्र असलेलं ओरायलीचं ‘व्हर्जन कंट्रोल विथ गिट’ जास्त खोलात जातं. त्याची पहिली आवृत्ती २००९ची, तिसरी २०२२ची. घ्यायची तर तिसरी. अगदीच नवखे असाल, किंवा डेव्हलपर नसून टेस्टिंग, डिझाइन, कंटेंटमध्ये असाल, तर २०२२चं राजू गांधी यांचं ‘हेड फर्स्ट गिट’ किंवा २०२३चं ॲना स्कुलिकारी हिचं ‘लर्निंग गिट’ बघा. दोन्हींत चित्रं भरपूर आणि हात धरून शिकवण्याची पद्धत.

तुमच्या कंपनीत अजून सबव्हर्जन असेल तर लाजू नका. ते आजही जिवंत आहे, २०१०पासून अपाचे फाउंडेशनच्या छत्राखाली. कासवाच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती २००८ची, त्यामुळे ते सेकंडहँड स्वस्तात मिळालं तरच घ्या. नाहीतर ऑनलाइन आहेच. मर्क्युरिअलवर ब्रायन ओसलिव्हन याचं २००९चं चांगलं पुस्तक आहे, पण २०२०मध्ये बिटबकेटनेसुद्धा मर्क्युरिअलला टाटा केला. नोकरीसाठी म्हणून त्यावर खर्च करू नका.

खिशाला झेपेल असं

इम्पोर्टेड आवृत्तीची डॉलरमधली किंमत बघून चक्कर येते. म्हणून भारतीय आवृत्ती शोधा. ओरायलीची पुस्तकं आपल्याकडे नवी मुंबईचे श्रॉफ पब्लिशर्स छापतात आणि ती बरीच स्वस्त पडतात. कव्हरवर ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ अशा अर्थाची सूचना असते. ती खोट नव्हे, स्वस्ताईचं कारण आहे. मात्र ‘ग्रेस्केल’ असं लिहिलंय का बघा. म्हणजे आतली रंगीत चित्रं काळी-करडी. साध्या मजकुराच्या पुस्तकाला फरक पडत नाही. पण ज्या पुस्तकात कमिट्स रंगांवरून समजावले आहेत, तिथे निळा आणि हिरवा सारखेच करडे दिसले तर शिकणार काय, कप्पाळ? छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे बिलात तो लावला असेल तर विचारा.

दुकानात जाऊन चाळण्याची चैन मात्र कमी झालीय. पुण्यात मॅनीज २०१२मध्ये बंद झालं, मुंबईत फोर्टातलं स्ट्रँड २०१८मध्ये. तरीही अप्पा बळवंत चौकात इंजिनीअरिंगची पुस्तकं विकणाऱ्यांकडे एक चक्कर मारा, मागवून देतात. फोर्टच्या फुटपाथवर जुनी कॉम्प्युटरची पुस्तकं मिळतात, पण तिथे हात आवरा. सॉफ्टवेअरचं पुस्तक म्हणजे लोणचं नव्हे, मुरलं की चव वाढते असं नाही. ऑगस्ट २०१९मध्ये गिटने ‘स्विच’ आणि ‘रिस्टोर’ या दोन नव्या कमांड आणल्या. ‘चेकआउट’ ही एकच कमांड दहा कामं करायची आणि नवखे गोंधळायचे, म्हणून. ऑक्टोबर २०२०पासून गिटहबवर नव्या रिपॉझिटरीची मुख्य शाखा ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ झाली. जुन्या पुस्तकातलं ‘चेकआउट’ अजून चालतं आणि मूळ तत्त्वंही बदललेली नाहीत. पण पहिल्याच दिवशी पुस्तक एक म्हणतंय आणि स्क्रीन दुसरंच, असं झालं की नवखा माणूस पुस्तक मिटतो. ‘प्रो गिट’ची छापील दुसरी आवृत्तीही २०१४ची, पण ऑनलाइन प्रतीत त्यानंतर सुधारणा होत राहिल्या आहेत. म्हणून पाया कागदावर पक्का करा आणि ताजं ते ऑनलाइन बघा. दोन्ही जवळ ठेवायला कोणी अडवलंय?

आणि कोणी घेऊ नये? ज्याला फक्त कमांड आठवत नाही त्याने. त्यासाठी गिटमध्येच मदत भरलेली आहे. टर्मिनलवर ‘गिट हेल्प ट्युटोरियल’ किंवा ‘गिट हेल्प एव्हरीडे’ मारून बघा. शेल्फ सजवायला घेणाऱ्यानेही घेऊ नये. तेवढ्या पैशात छान मनीप्लांट येतो.

राहता राहिला तो येडे-शहाण्याचा प्रश्न. अशा पुस्तकाचे लेखक सगळं ज्ञान आधी उघड्यावर ठेवतात आणि मग म्हणतात, उपयोगी वाटलं तर घ्या. रस्त्यावर गाणाऱ्यापुढे आपण गाणं ऐकून झाल्यावर नाणं टाकतो, त्यातलाच हा प्रकार. जबरदस्ती नाही, तिकीट नाही. आपला पगार ज्या फुकटच्या हत्यारावर चालतो, ते समजावून सांगणाऱ्याला वर्षातून एकदा नाणं टाकायला काय हरकत आहे? एकट्याला जड जात असेल तर टीममध्ये काँट्री काढा. एक प्रत, दहा जण, आणि ती ठेवायची जागा नवीन पोरांच्या डेस्कजवळ, मॅनेजरच्या केबिनमध्ये नाही.

आणि पैसे नसतीलच, तर याच लायसन्सने दुसरी वाट ठेवली आहे. ‘प्रो गिट’चा अनुवाद करायला कोणाची परवानगी लागत नाही. नाव द्या, त्याच लायसन्सवर ठेवा, विकू नका, बस्स. एखादं प्रकरण मराठीत आणायला घ्या की! लातूरहून येणाऱ्या पुढच्या मुलाला गुरुवारी रात्री नऊ वाजता ते नक्की उपयोगी पडेल.

शॉपिंग कार्टमध्ये टाकण्याआधी

• ऑफिसात गिट आहे की सबव्हर्जन, ते आधी विचारा.
• आवृत्तीचं साल बघा, फक्त छपाईचं नाही.
• लेखक आणि प्रकाशक दोघांची नावं नसतील तर पुढे चला.
• ग्रेस्केल की रंगीत, ते तपासा.
• मोफत प्रत असेल तर तीन प्रकरणं वाचूनच पाकिटाला हात घाला.